शाळेच्या छपरावरचा पाऊस

५ जून हा जागतिक पर्यावरण दिन. १९७२च्या स्टॉकहोम परिषदेच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांनी तो ठरवला आणि १९७३पासून तो जगभर पाळला जातो. महाराष्ट्रातल्या प्राथमिक शाळांना त्या दिवशी उन्हाळ्याची सुट्टी असते. शाळा उघडतात जूनच्या मध्यावर, विदर्भात त्याहून उशिरा. मग पुढे सवडीने एखाद्या सकाळी पर्यावरण दिन होतो. वृक्षदिंडी निघते, घोषणा होतात, शपथ घेतली जाते, आणि एका रोपाभोवती सगळी शाळा उभी राहून फोटो काढते. मुलांना दिंडी आवडते आणि आवडावीच. तरीही मला वाटते की पर्यावरणाचे शिक्षण आपण ज्या पायावर उभे केले आहे तो पायाच कच्चा आहे. आपण पर्यावरण मुलांना भावना म्हणून शिकवतो, सद्गुण म्हणून शिकवतो. हिशेब म्हणून मात्र शिकवत नाही. किती येते, किती जाते, किती उरते आणि ते कधीपर्यंत पुरेल, हे चार प्रश्न विचारायला आणि त्यांची उत्तरे स्वतः मोजून काढायला तिसरी-चौथीचे मूल पुरेसे मोठे असते. प्राथमिक शाळेत शिकवायचे ते हे, आणि बाकीचे त्याच्या आधाराने येईल.

कायद्याची बाजू पाहिली तर आपण कशात कमी पडलेलो नाही. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने निसर्गाचे रक्षण हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये शाळांतून पर्यावरण शिकवण्याचा आदेश दिला आणि त्याची अंमलबजावणी होत नाही असे दिसल्यावर २००३ मध्ये पुन्हा बजावले. महाराष्ट्रात तर ‘परिसर अभ्यास’ हे विषयाचे नावच इतके नेमके आहे की त्यातच अर्धा अभ्यासक्रम सामावलेला आहे. बालभारतीने तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हावार काढले, तेव्हा त्यामागे मोठी समज होती: मुलाचा परिसर म्हणजे त्याचा जिल्हा, त्याची नदी, त्याच्या बाजाराचे गाव. पण पुस्तक जिल्ह्याचे झाले तरी वर्गातला प्रश्न सगळीकडे तोच राहिला, ‘पाण्याचे उपयोग सांगा.’ या प्रश्नाचे उत्तर कोकणातल्या आणि माणदेशातल्या मुलाने एकसारखे लिहिले तर दोघांनाही पूर्ण गुण मिळतात. ज्या विषयाला आपण परिसर म्हणतो, त्यात परिसर बदलला तरी उत्तर बदलत नाही, इथे काहीतरी मुळातच चुकते आहे.

शब्दाचाही थोडा विचार करायला हवा. ‘शाश्वत विकास’ हा आपला रूढ शब्द. पण ‘शाश्वत’ म्हणजे कधीही न बदलणारे, अविनाशी. कीर्तनातून, प्रवचनातून हा शब्द याच अर्थाने मराठी माणसाच्या कानावर पडत आला आहे. निसर्गात तर असे काहीच नाही. तिथे सगळे संपते आणि पुन्हा भरते. विहीर वैशाखात तळाला जाते आणि भाद्रपदात वर येते. आपल्याला मुलांना सांगायचे आहे ते हेच की भरण्याच्या वेगापेक्षा उपसण्याचा वेग जास्त झाला की विहीर आटते. यासाठी घरातला शब्द तयार आहे. पुरणे. ‘तेल महिनाभर पुरवायचंय’ असे आई म्हणते तेव्हा मुलाला त्यातले गणित आणि त्यातली काळजी दोन्ही कळते. पुरवून वापरणे ही कल्पना मराठी घरात जुनी आहे, म्हणून लुगड्याची गोधडी झाली आणि बियाण्याचे दाणे दुष्काळातही बाजूला राहिले. शाळेने नवा जड शब्द पाठ करून घेण्याआधी हा जुना शब्द वर्गात आणावा.

आता एक शाळा डोळ्यांसमोर आणू. दोन खोल्यांची, पत्र्याच्या छपराची, साठ मुलांची, पर्जन्यछायेतल्या एखाद्या तालुक्यातली. छपराची लांबी-रुंदी मुलांनी खाली जमिनीवर टेपने मोजली आणि क्षेत्रफळ शंभर चौरस मीटर भरले असे समजू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. हे सूत्र इतके सोपे आहे की चौथीच्या मुलाला ते एकदा करून दाखवले की आयुष्यभर विसरणार नाही. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर या छपरावर ५०,००० लिटर पाणी पडते. पहिल्या सरीचे घाण पाणी सोडून द्यावे लागते, पन्हळीतून काही सांडते, काही वाऱ्याने उडते. पाचवा हिस्सा गेला असे धरू. उरले ४०,००० लिटर. पिणे, हात धुणे आणि ताटे धुणे मिळून एका मुलाला दिवसाला पाच लिटर लागतात असे मुलांनीच आठवडाभर मोजून ठरवले, तर साठ मुलांना रोज ३०० लिटर. भागाकार करा: १३३ दिवस, आणि बाकी १०० लिटर. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षात किमान २०० दिवस भरायला हवी. म्हणजे फक्त छपरावरच्या पावसावर राहायचे ठरवले तर साधारण संक्रांतीच्या सुमारास टाकी कोरडी पडेल आणि उरलेल्या ६७ दिवसांसाठी २०,००० लिटर कुठून तरी आणावे लागतील.

या एका उदाहरणात गुणाकार, भागाकार, क्षेत्रफळ आणि बाकी आहे. पण त्याहून मोलाचे आहे ते त्यातून आपोआप निघणारे पुढचे प्रश्न. ताटे धुतलेले पाणी परसबागेला दिले तर किती वाचेल? टाकी केवढी लागेल? गावाच्या विहिरीतून घ्यायचे तर त्या विहिरीवर आणखी कोणाचा हक्क आहे? यावर्षी पाऊस तीनशेच मिलिमीटर झाला तर? आणि मुलींसाठी स्वच्छतागृहात पाणी हवेच, ते या पाच लिटरांत बसते का? हे प्रश्न पुस्तकाच्या मागे छापलेले नाहीत, त्यांची उत्तरे मार्गदर्शकात मिळत नाहीत, आणि तालुका बदलला की उत्तर बदलते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच गणित गावाच्या मापाने केले. पाऊस किती झाला ते पाहून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्यावरून ग्रामसभेने कोणती पिके घ्यायची ते ठरवायचे, सिंचनासाठी बोअर घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही. पोपटराव पवार आणि त्यांच्या गावाने हे वर्षानुवर्षे पाळले, म्हणून कमी पावसाच्या पट्ट्यातले ते गाव टिकले. मोठ्यांना ग्रामसभेत जे जमले त्याचे छोटे रूप चौथीच्या वर्गात अवघड असायचे कारण नाही.

पाऊस मोजायला महागडे यंत्र लागत नाही. सरळ भिंतीची कोणतीही बरणी उघड्यावर ठेवली आणि तिला बाहेरून पट्टी चिकटवली की झाले पर्जन्यमापक. रुंद तोंडाच्या आणि अरुंद तोंडाच्या दोन बरण्या शेजारी ठेवल्या तर दोन्हींत पाणी सारख्याच उंचीला चढते, हे पाहून मूल पहिल्यांदा चक्रावते आणि मग पाऊस मिलिमीटरमध्ये का मोजतात ते त्याला न सांगता उमगते. ही नोंद शाळेच्या भिंतीवर रोज लिहिली गेली की तिला लवकरच शाळेबाहेरचा अर्थ येतो. महाराष्ट्रात महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि नुकसानभरपाईचा विचार त्यावर होतो. मंडळाचे मापक एक, त्याच्या आधाराला गावे अनेक. शाळेच्या बरणीत ८० मिलिमीटर भरले आणि मंडळाच्या नोंदीत ४० निघाले, तर आपल्या बापाच्या सोयाबीनचे काय, हा प्रश्न वर्गातल्या एखाद्या मुलीला पडेल. मोजमाप म्हणजे काय, ते कोण करते आणि त्यावर कोणाचे काय अवलंबून असते, हे तिला नवव्या वर्षी कळू लागेल. पर्यावरण आणि नागरिकशास्त्र यांच्यात आपण जी भिंत बांधली आहे, ती अशा जागी आपोआप पडते.

माहिती दिली की वागणूक बदलते, हा समज संशोधनाने केव्हाच मोडीत काढला आहे. कोलमस आणि अ‍ॅग्येमन या संशोधकांनी २००२ मध्ये या विषयावरच्या अनेक वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा माहिती आणि कृती यांच्यात मोठी दरी असल्याचेच त्यांना दिसले. याउलट मुले स्वतः हाताने काही करतात तेव्हा परिणाम घरापर्यंत जातो. सेशेल्समध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या मुलांनी पाणथळ जागांवर प्रत्यक्ष काम केले होते त्यांच्या पालकांनाही त्या जागांविषयी जास्त माहिती होती आणि त्या घरांत पाणी जपून वापरले जात होते, असे आढळले. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १० ते १४ वर्षांच्या मुलांना हवामानबदलाचे धडे मिळाले, तेव्हा त्यांच्या आईवडिलांची या प्रश्नाविषयीची आस्था वाढली. मुलींचा प्रभाव अधिक पडला. हे निष्कर्ष २०१९चे. महाराष्ट्राला मात्र हे सांगायला बाहेरचा अभ्यास लागू नये. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने शाळाशाळांतून फटाकेमुक्त दिवाळीची मोहीम चालवली, तेव्हा घरात फटाके किती आणायचे याची बोलणी मुलांनीच आईबापांशी केली. आपल्या फटाक्यांचे पैसे किती आणि त्यात काय येईल, हा त्या मोहिमेतला हिशेब मुलांच्या हातात होता, म्हणून ती चालली.

झाडांचेही तसेच. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्याने वृक्षलागवडीची उद्दिष्टे दोन कोटींपासून ३३ कोटींपर्यंत वाढवत नेली आणि शाळांनी त्यात मनापासून भाग घेतला. माझी सूचना एवढीच की शाळेने जुलैत लावलेली झाडे मोजू नयेत. मार्चमध्ये जगलेली मोजावीत, आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा. जे मेले ते का मेले, शेळीने खाल्ले, पाणी कमी पडले की जागाच खडकाळ होती, हे लिहून ठेवावे. शाळेच्या आवारात आधीपासून उभा असलेला एखादा कडुनिंब किंवा पिंपळ वर्षभर पाहावा: पानगळ कधी सुरू झाली, तांबूस कोवळी पालवी कधी आली, कडुनिंबाला मोहर कधी, फळे कोणत्या पक्ष्याने खाल्ली. केरळमध्ये ‘सीझनवॉच’ या उपक्रमात शाळकरी मुले झाडांच्या अशाच नोंदी ठेवतात आणि त्या नोंदी शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडतात. मुलाच्या हातून झालेले काम खऱ्या कामात धरले जाते, याचे समाधान प्रमाणपत्रापेक्षा मोठे असते.

यावर पहिला आक्षेप येतो तो गंभीर आहे आणि त्याला टाळता येत नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत नाही. आधी वाचन-गणित धड शिकवा, मग पर्यावरण, असे म्हणणाऱ्यांची कळकळ खरी आहे. पण वरचे छपराचे उदाहरण गणिताच्या तासाला होते, हे लक्षात घ्यावे. ‘एका दुकानदाराने ४०,००० रुपये रोज ३०० प्रमाणे वाटले’ असे उदाहरण सोडवताना त्या दुकानदाराशी मुलाचे काही देणेघेणे नसते. टाकी कधी आटणार याच्याशी असते. पावसाची नोंद लिहिणे म्हणजे लेखन, गेल्या वर्षीची नोंद काढून पाहणे म्हणजे वाचन. मी वेगळा तास मागत नाही, वेगळे पुस्तक तर मुळीच मागत नाही. इटलीने २०१९ मध्ये वर्षाला ३३ तास हवामानबदलासाठी ठेवण्याची घोषणा केली तेव्हा तिचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. आपल्याकडे मात्र तासांचा आकडा ठरला की त्या मागोमाग पुस्तिका, स्पर्धा, अहवाल आणि फोटो अपलोड करण्याचे परिपत्रक येते. दोनशिक्षकी शाळेतल्या गुरुजींवर आधीच इतकी अशैक्षणिक कामे आहेत की नव्या विषयाचे नाव काढणेसुद्धा त्यांच्यावर अन्याय ठरेल. बरणी ठेवायला परिपत्रक लागू नये आणि तिचा फोटो कोणी मागू नये, एवढी हमी वरिष्ठांनी दिली तरी पुष्कळ आहे.

सामान्य सरकारी शाळेत हे जमते का, असेही विचारले जाते. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झाला. सहावी ते आठवीची मुले परिभ्रमण करत, म्हणजे शेतात-ओढ्यात हिंडून पाहत, प्रयोग करत, नोंदी करत आणि त्यावर वर्गात वाद घालत. तो वाढत सुमारे हजार शाळांपर्यंत गेला. त्यातले शिक्षक सरकारी होते, साहित्य साधे होते. २००२ मध्ये तो बंद झाला तो राज्य सरकारच्या निर्णयाने. शिक्षक थकले म्हणून तो थांबला नाही.

भीतीचा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ने दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांचा अभ्यास छापला, त्यात भारतही होता, ५९ टक्के तरुण हवामानबदलाने खूप किंवा अतिशय चिंतित होते. हीच चिंता आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात घालायची का? नक्कीच घालू नये. डेव्हिड सोबेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९९६ मध्येच सांगून ठेवले आहे की लहान वयात निसर्गाशी मैत्री जुळण्याआधी त्याच्या विनाशाच्या कथा सांगितल्या तर मूल निसर्गाकडे पाठ फिरवते. वितळणारे हिमनग आणि उपाशी ध्रुवीय अस्वल ही चित्रे दुसरी-तिसरीच्या भिंतीवरून काढून टाकावीत असे माझे स्पष्ट मत आहे. मूल घाबरते ते संकट मोठे असते आणि त्यावर आपली पकड कुठेच नसते तेव्हा. शाळेची टाकी मुलाच्या आवाक्यातली आहे. ती संक्रांतीला आटणार हे कळणे आणि गळका नळ बदलल्यावर ती आणखी आठ दिवस पुरते हे स्वतःच्या आकड्यांत दिसणे, यात भीती कमी आणि बळ जास्त आहे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. जी मुलगी रोज दोन हंडे डोक्यावर घेऊन पाणवठ्यावरून येते, तिला काटकसर शिकवणारे आपण कोण? तिच्या घरी वाया जायला काही नसतेच. हा आक्षेप बरोबर आहे, आणि शपथांच्या, घोषणांच्या शिक्षणाला तो पुरता उलथवून टाकतो. हिशेबाच्या शिक्षणात मात्र ही मुलगी वर्गातली सर्वांत जाणती ठरते. हंड्यात किती लिटर मावते, किती खेपा होतात, कोणता झरा होळीनंतर आटतो, हे तिच्याइतके गुरुजींनाही ठाऊक नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा काढली, कारण गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नव्हती. मग शाळाच कुरणावर गेली. त्या शाळेने मुलाच्या कामाला अडथळा मानले नाही, त्यालाच शिकण्याची जागा केले. पाणी आणणाऱ्या मुलीच्या बाबतीत आपण एवढे केले तरी ती ‘पाणी वाचवा’चे चित्र काढण्याऐवजी ‘आमच्या वस्तीला माणशी किती पाणी मिळते’ हा तक्ता काढेल. त्या तक्त्याच्या शेजारी शहरी शाळेतल्या मुलाचा तक्ता लावून पाहावा. मुंबईला सात तलावांतून रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरहून जास्त पाणी येते, त्यातला मोठा वाटा शहापूर तालुक्यातल्या भातसाचा. त्याच शहापूरच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर फिरतात. मुंबईच्या चौथीतल्या मुलाने आपल्या नळाचा माग काढत भातसापर्यंत यावे आणि तिथे त्याला टँकरची वाट पाहणारे त्याच्याच वयाचे मूल दिसावे. काटकसरीचा धडा द्यायचाच असेल तर तो या टोकाला द्यावा.

मोठ्यांनी केलेली घाण निस्तरण्याचे काम मुलांवर टाकले जाते, ही तक्रारही ऐकू येते आणि ती पुष्कळ अंशी खरी आहे. २०१६च्या जानेवारीत मुंबईत देवनारच्या कचराभूमीला आग लागली, धुराने आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या शाळांतल्या मुलांनी ओला-सुका कचरा वेगळा केला नव्हता म्हणून ती आग लागली असे कोणी म्हणणार नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली. लातूरच्या मुलांनी दात घासताना नळ उघडा ठेवल्यामुळे तिथले पाणी संपले नव्हते. पिके, धरणे, उपसा, परवाने यांचे ते निर्णय होते आणि ते मोठ्यांनी घेतले होते. म्हणूनच मुलांना फक्त वैयक्तिक सवयी शिकवून थांबणे अप्रामाणिक आहे. ज्याचा परिणाम मुलाच्या हातात आहे तेवढे काम त्याला द्यावे, आणि जे त्याच्या हातात नाही ते कोणाच्या हातात आहे हे त्याला नावानिशी सांगावे: ग्रामपंचायत, नगरपालिका, पाटबंधारे खाते. शाळेनेही आपली वागणूक तपासावी. ‘प्लास्टिक टाळा’ या निबंधाचे बक्षीस प्लास्टिकच्या वेष्टनात देणारी शाळा मुलांना निबंध आणि जगणे वेगळे असते हेच शिकवते, आणि मुले ते फार लवकर शिकतात.

महाराष्ट्रात ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. २६ जानेवारीला सकाळी झेंडावंदनाला गाव शाळेतच असते: सरपंच, सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी, पालक, झाडून सगळे. मुलांची भाषणे होतात, कवायत होते, खाऊ वाटला जातो. संक्रांत होऊन तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात आणि शाळेची टाकी तळाला लागलेली असते. गावोगावच्या शिक्षकांना आणि सरपंचांना माझी विनंती आहे: येत्या २६ जानेवारीला खाऊ वाटण्याआधी पाच मिनिटे चौथीच्या एका मुलीला द्या. यंदा किती पाऊस पडला, शाळेत किती पाणी उरले आहे आणि ते कोणत्या तारखेपर्यंत पुरेल, हे तिने आपल्या वहीतून सगळ्यांसमोर वाचावे. मग त्या तारखेनंतरच्या पाण्याचे काय, याचे उत्तर त्याच दिवशीच्या ग्रामसभेने तिला द्यावे.